कपाटातली पाखरं काय कामाची?

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सारख्या निसर्ग-अभ्यास संस्थांनी मेलेली पाखरं कपाटांत भरून ठेवलीत, तीही सगळी मारून आणलेली. मोबाइलच्या काळात ही अडगळ कशाला, सरकारी पैसा वाया, मुलांना सरळ समुद्रावर न्या, असा मजकूर.

आधी पैशाचं. बीएनएचएस हे सरकारी खातं नाही. 1883 मध्ये आठ जणांनी ती स्थापली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपल्यातलेच दोघे होते.

‘फोटोने भागतं.’ कालच्या पाखराचा फोटो आज कुठून आणणार? ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्यांची अंडी घरट्यातच फुटू लागली, तेव्हा जुन्या संग्रहांतली कवचं तपासली गेली. 1947च्या सुमारापासून ती पातळ झालेली दिसली आणि संशय डीडीटी या कीटकनाशकावर गेला. ती अंडी जमवणाऱ्यांना डीडीटी माहीतही नव्हतं.

रानपिंगळ्याची गोष्ट तर आपल्याच राज्यातली. हा छोटा घुबडवर्गीय पक्षी दिसेनासा झाला होता. अलीकडचा म्हणून 1914 साली गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी असलेला एक नमुना तेवढा होता, त्यामुळे शोध भलतीकडेच चालला. पुढे संशोधकांनी तो नमुना बारकाईने तपासला. कातडं 1880च्या दशकात खानदेशात जमवलेलं निघालं. मेनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकारी-संग्राहकाने ते ब्रिटिश संग्रहालयातून चोरलं आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. मग इतर जुन्या नमुन्यांच्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरून शोधलं, तर 1997 मध्ये शहाद्याजवळ पक्षी जिवंत सापडला. 2014 मध्ये तो उत्तर कोकणात तानसा अभयारण्यातही दिसला. लबाडी संग्रहातच झाली हे खरं, पण कातडं जपलेलं नसतं तर ती पकडली कशी असती? डीएनए जुळवायलाही खात्रीने ओळखलेला नमुना लागतोच.

‘सगळे मारून आणलेले.’ जुने बहुतेक हो, बंदुकीनेच. आता 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे संरक्षित प्राण्याला परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

समुद्रावर न्या, हे मात्र शंभर टक्के पटतं. वेळासला कासवाची पिल्लं पाण्याकडे जाताना बघावीत, मुलं वर्षभर तेच सांगतात. पण किनाऱ्यावर जे त्या दिवशी असेल तेवढंच दिसतं. थंडीत वाळूवर धावणारा चिखल्या मळकट करडा असतो. त्याचीच छाती विणीच्या काळात तांबूस होते, आणि तोवर तो बहुधा उत्तरेला निघून गेलेला असतो. संग्रहाच्या ट्रेमध्ये दोन्ही पिसारे शेजारी दिसतात. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या पुढच्या परांत हाताची हाडं असतात, हे रत्नागिरीच्या मत्स्यालयाजवळच्या संग्रहालयातला सांगाडा बघितल्याशिवाय कुणाला पटेल?

खरी तक्रार वेगळी आहे. हे ट्रे आडगावच्या शाळेपर्यंत येत नाहीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाने 2015 पासून बसमधून प्रदर्शन शाळांच्या दारात नेलं. तशी बस पाखरं-शिंपले घेऊन राजापूर-देवगडात फिरवा, असा मेसेज असता तर मीही पुढे पाठवला असता.