बेड फुल म्हणे, कुणासाठी फुल?

काल रात्रीपासून डोकं फिरलंय नुसतं. मामा बांधावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, तालुक्याचे डॉक्टर म्हणाले पुण्याला न्या, म्हणून जीपमध्ये आडवं घालून आणलं. हॉस्पिटलच्या काचेच्या दाराशी मामीने चपला काढल्या, देवळाबाहेर काढतात तशा. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात रबर लावलेलं केशरी रेशनकार्ड. काउंटरवरच्या बाईने मान वर न करताच विचारलं, कॅशलेस आहे का? नाही म्हटलं तर बेड फुल आहेत, आणि झालाच रिकामा तर आधी दीड लाख डिपॉझिट भरा. अहो बेडच नाहीये तर डिपॉझिट कसलं मागताय??

मी बाहेर येऊन त्याच हॉस्पिटलला फोन लावला, माझ्या कंपनीच्या पॉलिसीचं नाव सांगितलं. "हो सर, ट्विन शेअरिंग आहे, सिंगल रूमही मिळेल." पाच मिनिटं झाली नव्हती हो! आत मामा स्ट्रेचरवर कण्हतायत आणि मामी फरशीवर बसलीये.

आणि हे ट्रस्टचं, धर्मादाय हॉस्पिटल आहे बरं का. ट्रस्टच्या कायद्यात (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम) कलम ४१ कक आहे, हायकोर्टाने २००६ साली योजना घालून दिलीये, १० टक्के बेड निर्धनांना फुकट, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची, इमर्जन्सीत तर डिपॉझिटचं नावही न काढता आधी दाखल करून घ्यायचं. याचा बोर्ड लावलाय त्यांनी, लिफ्टच्या मागे, झाडाच्या कुंडीआड. मी तो दाखवला तर म्हणे समाजसेवा विभाग सकाळी दहाला उघडतो, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन या. रात्री दीड वाजता कुठला तहसीलदार उठवू मी? ज्या माणसाच्या हातात ऊसतोडीचे घट्टे आहेत त्याने गरीब असल्याचा कागद आणायचा, आणि माझ्याकडे कुणी काही मागितलं नाही, नुसतं पॉलिसीचं नाव पुरलं.

शेवटी मित्राच्या ओळखीने आमदाराच्या पीएचा फोन गेला. तेव्हा निघाला बेड. तोच वॉर्ड, तीच रात्र. ती बाई मला म्हणते, "आधी सांगायचं ना ओळख आहे ते." आणि मामी तिला हात जोडतेय, उपकार झाले म्हणून. माझी सटकली, पण ओरडलो मामीवरच, कशाला हात जोडतेस म्हणून. ती गप्प दाराबाहेर जाऊन चपला शोधायला लागली.