कार्बनचा पाइप आणि परभणीचे खड्डे

महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला: "सायकल चालवून पाठ दुखते? जुना सीटपोस्ट काढा, कार्बनचा टाका. जर्मन तंत्रज्ञान. धक्के गायब, सायकल हलकी, कुठल्याही सायकलला बसतो, घरच्या घरी दहा मिनिटांत." जगात जर्मनी, भारतात परभणी हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळं आपल्याकडं हा जरा जास्तच फिरला असावा. हसून सोडून दिलं असतं, पण ओळखीतल्या एकानं पैसे घातले.

आधी 'कुठल्याही सायकलला बसतो' हे बघू, कारण पैसे इथंच बुडतात. सीटपोस्ट म्हणजे सीटखालचा पाइप (कार्बनचा म्हणजे कार्बन फायबरचा), आणि त्याच्या जाडीची मापं ढीगभर आहेत: २५.४, २७.२, २८.६, ३०.९, ३१.६ मिलिमीटर, अजूनही आहेत. ३०.९ आणि ३१.६ शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही, फ्रेमला मात्र लगेच कळतो. जुना पाइप पूर्ण बाहेर काढा. जो भाग फ्रेमच्या आत असतो तिथं बहुतेक वेळा माप कोरलेलं असतं. नसेल तर व्हर्नियर लावा, फूटपट्टीचं हे काम नाही. बारीक पाइप मोठ्या नळीत शिम, म्हणजे फट भरणारी पातळ नळी, घालून बसवता येतो. उलटं होत नाही.

आमच्या या मित्राची फ्रेम २८.६ ची, मागवलेला पाइप २७.२ चा. त्याला ०.७ मिलिमीटर जाडीचा तयार शिम लागला असता. बसवून देणाऱ्यानं कोल्ड्रिंकचा डबा कापून पट्टी गुंडाळली. त्या डब्याचा पत्रा जेमतेम ०.१ मिलिमीटरचा असतो, म्हणजे फट भरायला सात वेढे हवेत. यानं तीन मारले आणि बोल्ट पिळून पिळून आवळला. गंगाखेड रोडवर दर चार-पाच किलोमीटरला सीट बोटभर खाली. घरी येऊन पाइप उपसला तर पट्टीच्या चुण्या झालेल्या, आणि कार्बनवर आडवे ओरखडे. ओरखडा नखाला लागत असेल तर तो पाइप पुन्हा वापरू नये. ॲल्युमिनियम आधी वाकतं, कार्बन न सांगता तुटतो.

'दहा मिनिटांत' म्हणाल तर लागतातही तेवढीच, फक्त त्यात तीन गोष्टी कराव्या लागतात. कार्बनला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट लावायची. बोटांत चोळली की वाळूसारखी खरखरते, त्या कणांमुळंच कमी आवळूनही पाइप घसरत नाही. आवळायचं टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यानं, आणि क्लॅम्पवर (पाइप आवळणाऱ्या कड्यावर) छापलेल्या आकड्याइतकंच. तो बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. आणि पाइपवरची 'किमान आत' ही रेघ फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. ॲल्युमिनियमच्या पाइपाला मात्र ग्रीस हवंच. मी स्वतः स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पाइप कोरडाच घातला होता. चार उन्हाळ्यांचा घाम मुरला आणि दोन्ही धातू एकमेकांना धरून बसले. मिस्त्री सीट धरून लोंबकळला, शेवटी म्हणाला, "हालायलंच नाही ओ काका हे." तो पाइप करवतीनं कापून काढला. आता दर तीन-चार महिन्यांनी उपसून पुसतो.

'धक्के गायब' यात थोडं खरं आहे. बारीक, म्हणजे २७.२ चा पाइप फ्रेमबाहेर बराच उंच असेल तर तो किंचित लवतो आणि खडबडीत डांबराची झिणझिण कमी वाटते. जर्मनीच्या कॅन्यॉन आणि एर्गॉन कंपन्यांचा एक कार्बन पोस्ट तर उभा दुभागलेला, दोन पात्यांच्या कमानीसारखा आहे. तो खरोखर लवतो. मेसेजमधला साधा गोल पाइप तो नव्हे. आणि आपली अडचण झिणझिणीची कुठंय? काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, वरचा रस्ता लाटांसारखा होतो. तिथं खड्ड्याचा दणका बसतो, आणि दणक्यापुढं साधा कार्बनही काठीच.

दणका आधी टायर खातो. टायरवर छापलेला आकडा बहुधा कमाल हवेचा असतो, आपण तो हुकूम समजून ८५ पीएसआय भरतो. सत्तर किलोच्या माणसानं ३२-३५ मिलिमीटर रुंद टायरला ५५-६० पीएसआयपासून सुरुवात करून बघावी. फार कमीही नको, ट्यूब रिमवर चिमटते. काट्यांची काळजी करणाऱ्यांना सांगतो, बाभळीचा काटा हवा मोजून शिरत नाही. इतकं करूनही दणके बसत असतील तर स्प्रिंगचा सस्पेन्शन पोस्ट घ्या. वजनाला जड, पण काम करतो. त्याची स्प्रिंग आपल्या वजनाला जुळवावी लागते, आणि तो बसल्यावर दबतो म्हणून उंचीही बसूनच ठरवायची.

हलकेपणा? शंभरेक ग्रॅम. एप्रिलमध्ये आपण पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन निघतो, तिथं शंभर मिलि पाण्याला कोण विचारतो.

राहिली पाठ. मित्राच्या जुन्या पाइपाचं सीट धरणारं डोकं दोनेक सेंटिमीटर मागं होतं, नवा सरळसोट. सीट तेवढी पुढं आली, भार हातांवर गेला, पाठ होती तशीच आणि वर मनगटं दुखायला लागली. मग त्याला सायकलवर भिंतीला टेकून बसवलं, टाच पॅडलवर ठेवून पॅडल खाली नेलं. गुडघा पुरता सरळ व्हायला हवा, तर चांगला वाकलेला. जुना २८.६ चा पाइप ग्रीस लावून परत घातला, सीट अडीच सेंटिमीटर वर घेतली, फ्रेमच्या तोंडाशी पाइपवर इन्सुलेशन टेपचा वेढा मारला म्हणजे घसरला तर दिसेल. पंधरा दिवसांत पाठीची तक्रार बंद. तशी ती झाली नसती, किंवा पायात मुंग्या येत असत्या, तर पाना खाली ठेवून डॉक्टरकडं जा म्हणालो असतो.

तो कार्बनचा पाइप त्यानं विकायला काढला होता. ओरखडे दाखवल्यावर जाहिरात काढून टाकली.