हप्ते थांबवण्याचा ‘हक्क’ : एका व्हॉट्सॲप संदेशाला उत्तर

नोकरी गेलेल्या माझ्या मावसभावाला नातेवाइकांनी धीर म्हणून एक संदेश पाठवला आणि तो वाचून त्याने गृहकर्जाच्या हप्त्यांत सवलत मिळावी म्हणून बँकेत अर्ज करण्याचा विचारच सोडला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशातील दावा असा : रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक गृहकर्जदाराला सहा महिने हप्ते न भरण्याचा हक्क आहे; अर्ज लागत नाही, खात्यात पैसे ठेवले नाहीत की झाले; या काळात व्याज लागत नाही, सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणाऱ्या पतगुणांवर) परिणाम होत नाही आणि बँक घराला हात लावू शकत नाही.

सहा महिन्यांची सवलत एकेकाळी होती, एवढे मान्य करावे लागेल. कोविडच्या काळात रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी तीन महिन्यांची आणि मे महिन्यात आणखी तीन महिन्यांची मुभा जाहीर केली. पण सवलत द्यायची की नाही हे ठरवण्याची ती मुभा बँकांना होती आणि तिची मुदत ३१ ऑगस्ट २०२० रोजी संपली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ च्या निकालात मुदतवाढही नाकारली आणि संपूर्ण व्याजमाफीही नाकारली. त्या सहा महिन्यांच्या व्याजावर पुन्हा व्याज आकारू नये, एवढाच दिलासा न्यायालयाने दिला. ‘व्याज लागत नाही’ हे बहुधा त्याच निकालाचे अर्धवट ऐकलेले रूप असावे.

या एका वाक्याने किती नुकसान होते ते आकड्यांतच पाहावे. ३० लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत, म्हणजे हप्ता सुमारे २६,९९२ रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात २२,५०० रुपये निव्वळ व्याजाचे असतात. सुरुवातीचेच सहा हप्ते थांबवले आणि व्याज मुद्दलात मिळवले गेले, तर फेडायचे मुद्दल ३१ लाख ३७ हजारांवर जाते आणि हप्ता तोच ठेवल्यास २४० ऐवजी सुमारे २७५ हप्ते भरावे लागतात. आज वाचलेले १ लाख ६२ हजार रुपये पुढे सव्वानऊ लाखांहून अधिक रकमेला पडतात. कर्ज संपत आले असेल तर हा फरक किरकोळ राहतो. परंतु संदेश पाठवणाऱ्यांपैकी कोणीही भावाला कर्जाचे कितवे वर्ष चालू आहे, हे विचारले नव्हते.

खाते रिकामे ठेवण्याचा सल्ला तर सरळसरळ घातक आहे. पैशांअभावी खात्यातून हप्ता वळता झाला नाही, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचे कलम २५ लागू होऊ शकते. रीतसर नोटीस मिळूनही रक्कम भरली नाही, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. दंडात्मक शुल्क आणि बाउन्सचा आकार वेगळाच.

सिबिलचा मुद्दा २०२० च्या सवलतीपुरता खरा होता. आज न विचारता चुकवलेला हप्ता थकीत म्हणूनच नोंदला जातो. घराविषयी एवढेच सांगतो की थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की कर्ज अनुत्पादक, म्हणजे वसुली अडलेले, ठरते आणि तारण ताब्यात घेऊन कर्जवसुलीची मुभा देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन बँक न्यायालयात न जाताही ताब्याची कारवाई सुरू करू शकते.

म्हणून अर्ज करायचा तो पहिला हप्ता चुकण्यापूर्वी, लेखी, नोकरी गेल्याच्या पत्रासह, आणि त्याची पोच घेऊन. शक्य असेल तर सवलतीच्या काळात निदान व्याज तरी भरू देण्याची विनंती त्यात करावी, म्हणजे मुद्दल फुगत नाही. बँक तयार झाली तर सुधारित परतफेडीचा तक्ता मागून घ्यावा आणि कर्जाची नोंद ‘पुनर्रचित’ (अटी बदलून दिलेले) अशी होणार का, हे सही करण्याआधी विचारावे. बँकेचा नकार हा तिचा व्यावसायिक निर्णय असल्याने रिझर्व्ह बँकेचे लोकपाल (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) तो बदलून देत नाहीत. मात्र लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत उत्तरच आले नाही, तर त्यांच्याकडे जाता येते.