ज्याच्या डिकीत स्पीकर तो पारधी

हौशी बँडचा लीडर कोण, हे संगीतावरून ठरत असतं तर मी हा लेख लिहायला बसलोच नसतो. ते ठरतं डिकीवरून. दोन 12 इंची स्पीकर, त्यांचे स्टँड, मिक्सर आणि वायरींचं गाठोडं ज्याच्या गाडीत मावतं, त्याला सूर-ताल कळो न कळो, प्रॅक्टिस त्याच्या सोयीच्या वेळी होते. दुसरा मान ज्याच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस चालते त्याचा. आणि त्याच्याही वरचा मान खालच्या मजल्यावरच्या काकूंचा, कारण शेवटचं गाणं कुठलं हे त्याच ठरवतात.

गायक मंडळी मात्र लीडर आपणच असं धरून चालतात. पुरुषांची सोय साधारण काळी एकला (म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला 'सा' धरून), बायकांची काळी चार-पाचला. युगुलगीताला एकाने मान ताणायची, नाहीतर दुसऱ्याने खर्जात तळ गाठायचा. मग "अर्धा सूर खाली घ्या ना" असं फर्मान निघतं. बोलायला एक सेकंद लागतो. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायचं, बटण दाबून सुटतो. गिटारवाल्याचा कॅपो (गिटारच्या दांडीला लावायचा चिमटा) सूर चढवतो, उतरवत नाही. त्याला कॉर्ड नव्यानं मांडाव्या लागतात. तबलजी हातोडी काढून गठ्ठे ठोकायला बसतो. तबला अर्धा-एक सूर सरकतो, त्यापलीकडे पुडी ढिली पडून बद्द वाजते किंवा ताणून फाटायला येते. म्हणून शहाणा तबलजी दोन-तीन तबले आणतो, आणि ते डिकीत मावत नाहीत.

खरा घात त्या बटणाचा. गाणं संपतं, टाळ्या पडतात, कीबोर्डवाला खूश होऊन पाणी पितो आणि कीबोर्डवरचा 'उणे 1', म्हणजे अर्धा सूर खाली, तसाच राहतो. पुढच्या गाण्याचा पहिला पीस तो दणक्यात वाजवतो. एकटाच वाजतोय, त्यामुळे छानच वाटतं. मग बेस गिटार येते, अर्धा सूर वर, आणि सगळ्यांच्या दाढा आंबतात. कीबोर्डवाला बेसवाल्याकडे बघतो, बेसवाला ट्यूनरकडे. ट्यूनरचा दिवा हिरवागार, म्हणजे त्याचा सूर बरोबर. गायिका या दोघांच्या मधला तिसराच सूर लावते. मी स्वतः कीबोर्डवाल्यांच्या बाजूचा, तरी सांगतो: टाळ्या ऐकायच्या आधी शून्य करा.

"मला माझंच ऐकू येत नाही" हे बँडचं राष्ट्रगीत. गिटारवाला अँपचं (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या डब्याचं) बटण 5 वरून 6 वर नेतो, बेसवाला 7 वर, गायिका मिक्सरवाल्याला वरच्या दिशेनं बोट दाखवते. अँपची शक्ती दुप्पट केली तरी आवाज 3 डेसिबलच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला ती दहापट लागते. मुळात अँप ठेवलेला असतो पायाशी, म्हणजे गिटार ऐकू येतं पोटऱ्यांना. तोच खुर्चीवर चढवून कानाकडे तिरका केला की 4 वर भागतं. पण हे सांगायचं कुणी? तशीच गत माइकची. गायकानं ऐटीत माइकची जाळी मुठीत धरली की माइकला मागचंही ऐकू यायला लागतं, स्पीकरमधला आवाज परत आत शिरतो आणि शिट्टी फुटते. सगळे डोळे वटारतात मिक्सरवाल्यावर. गायकाला कोण बोलणार, हॉलचं निम्मं भाडं त्यानं भरलेलं असतं.

या सगळ्यात ऑक्टापॅडवाला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमचा पॅड वाजवणारा, गप्प. अंतऱ्याला सगळे पळायला लागले की लय धरून ठेवणं एवढंच त्याचं काम, आणि ते नीट झालं की कुणाच्या लक्षातही येत नाही.

लीडरची परीक्षा सोसायटीच्या गणपतीत. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्री 10 ला लाउडस्पीकर बंद. कार्यक्रम साडेसातचा, आरती, सत्कार, साउंड चेक होऊन 8 वाजून 10 मिनिटांनी सुरू. उरली 110 मिनिटं. गाण्याला 5 आणि निवेदनाला 2 धरली (निवेदक 2 मिनिटांत थांबतो हा शुद्ध आशावाद) तर 15 गाणी बसतात. यादीत 22. सात कापायची म्हटल्यावर डिकीवाल्याला अचानक गाडी नीट लावायची आठवण होते, गायक घसा शेकायला जातात, निम्मे जण गुंडाळलेल्या वायरी पुन्हा गुंडाळतात. तेव्हा ऑक्टापॅडवाला पेन मागतो, सात ओळी खोडतो आणि आपलं गाणं गेलं का हे विचारायला कुणी तोंड उघडायच्या आत स्टिकवर स्टिक आपटतो: वन, टू, थ्री, फोर.

कीबोर्ड अजून उणे 1 वरच असतो.