पावतीवर ८०जी छापलंय म्हणून कर शून्य होत नाही

मार्च जवळ आला की तोच निरोप व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दान केलेली सगळी रक्कम टॅक्समधून वजा होते, ट्रस्ट नोंदणीकृत असला म्हणजे झालं, रोख द्या, धान्य द्या, जागा द्या, सगळं चालतं, आणि मृत्युपत्रात संस्थेचं नाव घातलं की मुलांचा वारसाकर वाचतो. मी आमच्या गावच्या वाचनालयाचा खजिनदार आहे, देणग्यांच्या पावत्या मीच फाडतो. या निरोपावर विसंबून माणसं घरातली शिल्लक घेऊन माझ्या टेबलापर्यंत येतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

‘सगळी रक्कम टॅक्समधून वजा.’ नाही. ८०जी म्हणजे आयकर कायद्यातलं देणगीच्या वजावटीचं कलम. ही वजावट उत्पन्नातून मिळते, करातून नाही, आणि तीही बहुतेक संस्थांच्या बाबतीत निम्मीच. आमच्या वाचनालयाला तुम्ही १०,००० रुपये दिलेत तर उत्पन्नातून ५,००० वजा होतात. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेस (करावरचा उपकर) धरून १,५६० रुपये कर वाचतो. २० टक्क्यांवाल्याचे १,०४० वाचतात आणि ५ टक्क्यांवाल्याचे फक्त २६०. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी किंवा मुख्यमंत्री सहाय्यता निधीला दिलं तर पूर्ण रकमेची वजावट आहे, पण तिथेही ३० टक्क्यांवाल्याला १०,००० मागे ३,१२० च सुटतात. उरलेले पैसे खिशातून गेले. ते जाणारच, त्यालाच तर दान म्हणायचं.

त्यात आणखी एक मर्यादा आहे. आमच्यासारख्या संस्थांना दिलेल्या देणगीपैकी तुमच्या समायोजित उत्पन्नाच्या (इतर वजावटी काढून उरलेल्या) १० टक्क्यांपर्यंतचीच रक्कम धरली जाते. हे उत्पन्न ८ लाख असेल आणि तुम्ही २ लाख दिलेत, तर धरले जातील ८०,००० आणि वजा होतील त्याचे निम्मे, ४०,०००.

निरोपात ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट सगळ्यात मोठी आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करपद्धती आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जीची वजावटच नाही. जुनी पद्धत आपणहून निवडली असेल तरच हा सगळा हिशेब. (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आला, कलमांना नवे क्रमांक मिळाले. लोकांच्या तोंडी बसलेले जुनेच क्रमांक मी इथे वापरतोय.)

मला चौथीला शिकवणाऱ्या बाई गेल्या मार्चमध्ये वाचनालयात आल्या. कापडी पिशवीत २५,००० रुपये रोख, बँकेची कागदी पट्टी अजून नोटांवर तशीच. मोडलेल्या ठेवीचे पैसे. म्हणाल्या, “टॅक्समध्ये जाण्यापेक्षा वाचनालयाला जाऊ देत. तू फक्त ती ८०जीची पावती दे.” मी विचारलं, “बाई, गेल्या वर्षी टॅक्स किती भरलात?” “गेल्या वर्षी काही नाही रे. पण हा मेसेज वाचला, यंदा लागेल असं वाटलं.” त्यांचं पेन्शन महिना ३८,०००, म्हणजे वर्षाला ४ लाख ५६ हजार, वर ठेवीचं थोडं व्याज. कागदावर मांडून दाखवलं. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावटीनंतर (स्टँडर्ड डिडक्शन) उत्पन्न ५ लाखांच्या आत, कर शून्य. नव्यात तर प्रश्नच नाही. जो कर नाहीच तो वाचणार कुठून? आणि कर असता तरी ही पावती उपयोगाची नव्हती, कारण २,००० रुपयांच्या वर रोख दिलं की ८०जीची वजावट अजिबात मिळत नाही, त्यातल्या पहिल्या दोन हजारांचीसुद्धा नाही.

बाई थोडा वेळ पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “मग हे परत नेऊ?” मी म्हटलं, न्या आणि शांतपणे ठरवा. आठवड्याने १०,००० चा चेक घेऊन आल्या, बालविभागासाठी. बाकीचे १५,००० त्यांच्याच खात्यात राहिले याचा मला त्या चेकइतकाच आनंद झाला. ज्यांना कधी कर लागलाच नाही अशा किती पेन्शनरांना हा निरोप दरवर्षी घाबरवत असेल, या विचाराने मला खरोखर राग येतो.

‘धान्य, वस्तू, जागा, काहीही चालतं.’ द्यायला चालतं, आम्ही हात जोडून घेऊ. वजावट मात्र फक्त पैशाच्या देणगीला आहे. जागेबद्दल एवढं सांगतो: प्लॉट थेट संस्थेला दान दिलात तर ती विक्री नव्हे, त्यामुळे भांडवली नफ्याचा, म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या फायद्यावरचा, कर लागत नाही, पण ८०जीही मिळत नाही. उलट ‘आधी विकू, मग त्यातले १० लाख देऊन कर वाचवू’ असं गणित करणारे फसतात, कारण दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरचा कर ८०जीने कमी होत नाही.

‘नोंदणीकृत ट्रस्ट असला की झालं.’ धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी वेगळी आणि आयकर खात्याची ८०जी मान्यता वेगळी. गणेशोत्सव मंडळाची पहिली असली तरी दुसरी सहसा नसते. २०२१ पासून ही मान्यता मुदतीची झाली आहे, म्हणून पावतीवरचा क्रमांक कोणत्या वर्षापर्यंत चालतो ते विचारा. विचारलंत तर आम्हाला राग येत नाही. आणि नुसती पावती पुरत नाही. संस्थेने वर्षभराच्या देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत भरायचं आणि तुम्हाला १०बीई हे प्रमाणपत्र द्यायचं, अशी पद्धत २०२१-२२ पासून आहे. पॅन चुकीचा सांगितलात तर देणगी तुमच्या नावावर दिसणार नाही.

या निरोपाच्या शेपटाला कधी कधी एक फोन नंबर असतो: चेक द्या, कमिशन कापून रोख परत घ्या. हे दान नव्हे, ही चोरी आहे. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने बनावट वजावटींवरून देशभर १५० ठिकाणी तपासणी केली, त्यात राजकीय पक्षांना दाखवलेल्या खोट्या देणग्याही होत्या. खोटी माहिती देऊन कर बुडवला की बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होतो. कमिशन घेणारा त्या वेळी फोन उचलत नाही.

राहिला वारसाकर. आपल्याकडे तो नाहीच. १९५३ चा इस्टेट ड्युटीचा कायदा १९८५ मध्ये बंद झाला. ब्रिटनमध्ये मालमत्तेचा दहावा हिस्सा धर्मादायाला ठेवला तर वारसाकराचा दर ४० वरून ३६ टक्क्यांवर येतो, अमेरिकेतही मृत्युपत्रातल्या दानाला सूट आहे. तिकडचं इकडे चिकटवलेलं दिसतंय. आपल्याकडे मृत्युपत्राने दिलेल्या देणगीला ८०जी नाही आणि वाचवायला वारसाकरही नाही. वजावट हवी असेल तर हयातीत, बँकेमार्फत, दरवर्षी थोडं थोडं द्या. १० टक्क्यांच्या मर्यादेतही ते नीट बसतं. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर त्याचे पैसे मात्र आमच्या साध्या खात्यात घेता येत नाहीत. ती परदेशी देणगी ठरते. तिला वेगळी परवानगी लागते आणि ती दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच यावी लागते.

तरीही मृत्युपत्रात संस्थेला काही ठेवायचं असेल तर जरूर ठेवा. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि संस्थेचं नाव नोंदणी क्रमांकासह लिहा. आमच्या एका सभासदांनी त्यांचा ग्रंथसंग्रह ‘गावातल्या वाचनालयाला’ दिला होता. गावात वाचनालयं दोन आहेत. ती पुस्तकं अजून त्यांच्या माळ्यावरच आहेत.