कार्बन फ्रेमवर 'एक्स्पायरी डेट' छापलेली नसते

परवा रात्री अकराला मामेभावाचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं घरात कुणाचं काही झालं. झालं होतं इतकंच, की तो लांबलचक मेसेज फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचला होता आणि त्याने नऊ वर्षांची धडधाकट, कार्बन फ्रेमची (सांगाड्याची) सायकल येईल त्या किमतीला विकायला काढली होती.

मेसेज तुम्हालाही आला असेल. कार्बन फ्रेमचं आयुष्य पाच वर्षं, मग ती आतून 'सडते' आणि चालता चालता काचेसारखी फुटते. ऊन लागलं की खलास. एकदा पडली की फेकून द्या, दुरुस्ती होतच नाही. त्यापेक्षा स्टील घ्या, जन्मभर बघायला नको. शेवटी हात जोडलेले आणि 'जीव वाचवा, पुढे पाठवा'.

सडते म्हणजे काय? लाकूड आहे का ते? कार्बन फ्रेम म्हणजे रेझिन नावाच्या राळेत घट्ट बसवलेले कार्बनचे तंतू. ते गंजत नाहीत, कुजत नाहीत. पुन्हा पुन्हा ताण पडून धातूला जो थकवा येतो, त्यातही कार्बनच उजवा ठरतो. १९९७ साली जर्मनीतल्या 'टूर' या सायकल मासिकाने १२ महागड्या फ्रेम यंत्रावर चढवल्या आणि जोरात पेडल मारल्यासारखा भार त्यांच्यावर लाखाहून जास्त वेळा द्यायचं ठरवलं. ज्या स्टीलची आरती ओवाळली जातेय, त्याच्या सगळ्या फ्रेम तडकल्या. ट्रेक कंपनीची कार्बन फ्रेम शेवटपर्यंत उभी होती. (काही अ‍ॅल्युमिनियमच्याही टिकल्या, तेही सांगायला हवं.) चाचणी जुनी आहे, एकेका मॉडेलची एकेकच फ्रेम होती, मान्य. पण मेसेजवाल्याकडे तेवढंही नाही. सायकलींसाठीच्या आजच्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकातही फ्रेमला पेडलच्या भाराची १,००,००० आवर्तनं सोसावी लागतात, आणि कार्बन आहे म्हणून त्यात सूट मिळत नाही. ट्रेक, जायंटसारख्या कंपन्या पहिल्या मालकाला फ्रेमवर आजीवन वॉरंटी देतात. पाच वर्षांत सडणाऱ्या मालावर अशी वॉरंटी कोण देईल?

पण मला खरा राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. 'पाच वर्षं' हा आकडा डोक्यात बसला की माणूस दीड वर्षाची, जोरात आपटलेली फ्रेम बिनधास्त चालवतो. अजून साडेतीन वर्षं आहेत ना! कार्बनचा घात वय करत नाही, भलत्या जागी बसलेला मार करतो. तंतूंचे थर ज्या दिशेने भार येणार त्या दिशेने रचलेले असतात. म्हणून टॉप ट्यूब, म्हणजे फ्रेमची वरची आडवी नळी, स्वाराचं वजन आणि रस्त्याचे दणके आरामात झेलते, पण तीच नळी दुरुस्ती-स्टँडच्या जबड्यात करकचून धरली तर चिरडू शकते.

माझ्या फ्रेमला तडा गेला तो आठव्या महिन्यात. सीटपोस्ट (सीट धरणारा, फ्रेमच्या आत जाणारा दांडा) खाली सरकत होता, मी अ‍ॅलन की घेऊन आवळत सुटलो. तो धरणाऱ्या क्लॅम्पवर आवळण्याची मर्यादा छापलेली होती, ५ न्यूटन-मीटर, मी ती वाचलीही होती. 'कट्' असा बारीक आवाज आला. क्लॅम्पच्या खाली केसाएवढी रेघ दिसली. वाटलं, रंगच तडकला असेल. नख फिरवलं तर अडकलं. टॉर्क रेंच (किती जोराने आवळतोय ते कळणारा पाना) आणि थोडी कार्बन पेस्ट (सीटपोस्ट सरकू न देणारी खरखरीत पेस्ट) वापरली असती तर ती फ्रेम आजही चालली असती.

आता कडू घोट. मेसेजमधली एक गोष्ट अर्धी खरी आहे. धातू वाकतो, पोचा पडतो, म्हणजे आधी सूचना देतो. कार्बनचं तसं नाही. वरून रंग शाबूत आणि आत थर सुटलेले, असं होऊ शकतं. म्हणून जोरात पडल्यावर नाण्याने सगळीकडे टकटक करून बघायचं. टणक आवाज मध्येच एके ठिकाणी बसका झाला, तर सायकल बाहेर काढू नका, जाणकाराला दाखवा. आवाज ठीक आला म्हणजे फ्रेम पास झाली, असंही समजू नका.

मेसेजमध्ये पुरावा म्हणून २००६ च्या पॅरिस-रुबे या सायकल शर्यतीचा दाखला दिलाय: अमेरिकी सायकलपटू जॉर्ज हिन्कापीचं हँडल धावत्या सायकलवरून सुटून हातात आलं. आलं खरं. पण तुटली होती पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची स्टिअरर नळी, म्हणजे हँडलला जोडलेला वरचा भाग, आणि ती अ‍ॅल्युमिनियमची होती! मेसेज लिहिणाऱ्याने इतकं तरी बघायचं.

उन्हाचं म्हणाल तर अतिनील किरणांनी रेझिन खराब होतं, पण त्यासाठीच वर रंग किंवा क्लिअर कोट असतो. तो उडाला असेल तर झाका. दुरुस्ती होते, रोज होते: खराब भाग घासून काढतात, नवे थर चढवतात. बोइंग ७८७ चं निम्मं वजन अशाच कंपोझिटचं (तंतू आणि रेझिनच्या मिश्र पदार्थाचं) आहे, आणि ती विमानं कुणी पाच वर्षांनी फेकून देत नाही.

मामेभावाला म्हटलं, विक्रीची जाहिरात काढून टाक, आधी फ्रेम पूस आणि नीट बघ. तासाभराने त्याचा मेसेज आला. फ्रेमवर ओरखडासुद्धा नाही. फक्त अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट नऊ वर्षांत एकदाही बाहेर काढला नव्हता, तो आत गंजून असा धरलाय की हलायला तयार नाही. आता रविवारी आम्ही दोघं त्याच्या मागे लागणार आहोत.