परड्यात मीठ ओतायच्या आधी हे वाचा

"एक किलो मीठ, एक लिटर व्हिनेगर, दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड. 24 तासांत गवत मुळासकट साफ, केमिकल अजिबात नाही." हा मेसेज तीन ग्रुपवर बघून सोडून दिलेला, पण आमच्या अनगोळच्या आत्यानं खरंच ते परड्यात ओतलं म्हणून लिहायला बसलोय.

मुळासकट म्हणे! आत्याकडं आहे लव्हाळा. देठ बोटांत फिरवून बघा, तिकोनी लागतो, म्हणजे ते धड गवत पण नाही. खाली काळ्या गाठी, दोऱ्यात ओवल्यासारख्या, त्याच ज्या नागरमोथा म्हणून उटण्यात घालतात. 1977 साली शास्त्रज्ञांनी जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांची यादी केली, त्यात पहिला नंबर ह्याचाच. घरातल्या व्हिनेगरात ॲसिड असतंय 4-5 टक्के, पात करपते, दुसऱ्या दिवशी सगळं पिवळं दिसतं (एवढं खरंय, मान्य) आणि फोटो तेव्हाच काढतात. गाठीतनं परत कोंब येतो तेव्हा कोण फोटो काढणार?

आता मीठ. "नैसर्गिक आहे, पावसात वाहून जातं." अरे पण वाहून जातं कुठं? आत्याची विहीर दहा पावलांवर आहे की! आणि मातीत राहतं त्याचं काय? मीठ मुळांना पाणी ओढू देत नाही, सोडियमनं चिकणमाती ओली असली की नुसता चिखल आणि वाळली की फरशी. चिक्कोडी, रायबाग, अथणीकडं कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी बघितल्या नाहीत का कधी? तिथं लोक मीठ बाहेर काढायला धडपडतात आणि आपण पिशवी फोडून ओततोय. आत्याचा वीस वर्षांचा कढीपत्ता कडेनं करपायलाय, अबोली गेलीच. लव्हाळ्याचे मात्र दोन कोंब कालच बघितले.

उकळतं पाणी फरशीच्या फटीत चालतं, बाकी सोडा.

उपटू पण नका, देठ तुटतो आणि गाठ आत राहते. पावसानं माती मऊ झाली की कुदळीनं वीतभर खणून गाठी वेचायच्या, वाळवून जाळायच्या, उकिरड्यावर टाकायच्या नाहीत. मग दर आठवड्याला कोंब दिसला की खुरपं, एक-दोन पावसाळे तरी जाणार. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून तिथं भोपळ्याचा वेल सोडला तर बरं.

आत्या, उरलेलं मीठ लोणच्याला वापर.